कोकणात शिसं गंजाच्या मागून येतं
(रत्नागिरी जिल्ह्यातले नेमबाज आणि त्यांचे पालक यांच्यासमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर निम्मे नेमबाज बसलेत आणि निम्मे त्यांचे आईवडील. विषय पिस्तुलाच्या नळीतलं शिसं काढण्याचा असला, तरी मला दोघांशीही बोलायचंय. ते शिसं नळीपुरतं राहत नाही, हातांवरून घरात येतं.

आधी माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. माझं सेंटर फायरचं, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसून उडणारं, पॉइंट ३२ चं पिस्तूल मी एका जूनमध्ये साफ करून चामड्याच्या म्यानात घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. गणपती झाल्यावर बाहेर काढलं, तेव्हा वरून लखलखीत होतं. पंचवीस मीटरवर पहिल्या दहा गोळ्या ठीक गेल्या. तिसाव्या गोळीपर्यंत मात्र नेम पसरला. या पिस्तुलात आपण सपाट तोंडाची वॅडकटर गोळी वापरतो. ती कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ, गोल भोक पाडते. माझ्या कागदावरची भोकं लांबट होती, एका बाजूला फाटलेली. गोळी डोलत जात होती. नळी उजेडाकडे धरली, तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे पीळदार खाचांमध्ये करडे, चमकदार पट्टे दिसले. ते निघाल्यावर खाली गंजाचे टिपके सापडले. बोटाला जाणवणार नाहीत इतके बारीक, पण शिशाला धरायला तेवढे पुरतात.

शिसं नळीला धरतं कसं? ते ३२७ अंशांना वितळतं, आणि पेटलेल्या दारूचा वायू त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. गोळी नळीत घट्ट बसली तर वायू तिच्या मागे अडकून राहतो. ती पाच शतांश मिलिमीटरने जरी बारीक असली, तरी वायू फटीतून पुढे पळतो, शिशाच्या कडा वितळवत, खरवडत नेतो, आणि ते शिसं पुढच्या पोलादावर थिजतं. त्यावरून पुढची गोळी जाते, आणखी थर चढतो. म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी शिसं कुठे बसलंय ते बघा. चेंबरजवळ असेल तर गोळीचं माप किंवा नळीचा खरखरीतपणा तपासा. नळीच्या तोंडाजवळ असेल तर बहुतेक वेळा गोळीवरचं वंगण वाटेतच संपलेलं असतं. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला हा त्रास फारसा नाही. तिथे दारूच नसते.

आता काढायचं कसं. मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि मग बोट घालून खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. पहिलं फडकं सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे नळी साफ करायच्या द्रावात, भिजवून फिरवा आणि वीस मिनिटं थांबा. सॉल्व्हंटने काजळी सुटते, शिसं त्यात विरघळत नाही. तो नुसता थराच्या कडेखाली शिरतो. खरं काम तांब्याचं. भांडी घासायच्या तांब्याच्या जाळीचे धागे सोडवून जुन्या ब्राँझच्या ब्रशवर घट्ट गुंडाळायचे, इतके की ब्रश लावलेला साफसफाईचा गज नळीत ढकलताना जोर लागला पाहिजे. तांबं शिशाहून कडक आणि पोलादाहून मऊ, त्यामुळे ते शिसं उचलतं आणि नळीला ओरखडा काढत नाही. मात्र जाळी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बाजारातल्या कितीतरी जाळ्या आतून लोखंडी असतात, तांब्याचा नुसता मुलामा. चुंबकाला चिकटली तर परत करा. गज चेंबरकडून घाला. रिव्हॉल्व्हरमध्ये ते जमत नाही, तिथे नळीच्या तोंडावर गज मधोमध ठेवणारं पितळी गाइड बसवा. तोंडाची कड एका बाजूला झिजली तर तो नेम पुन्हा मिळत नाही. आठ-दहा फेऱ्यांनंतर पांढऱ्या फडक्यावर वर्खाचे तुकडे पडावेत तसे शिशाचे पापुद्रे येतात. ते यायचे थांबेपर्यंत करायचं, घाई करायची नाही.

दोन आडवाटा सांगितल्या जातात. पहिली म्हणजे तांब्याच्या कवचाच्या दोन-चार गोळ्या मारल्या की शिसं निघून जातं. काही निघतं, काही इस्त्री फिरवावी तसं आणखी दाबलं जातं, आणि अरुंद झालेल्या नळीत दाब वाढतो. दुसरी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची. त्याने शिसं खरंच विरघळतं, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं, म्हणजे विषारी पाणी. शिवाय पोलाद खाल्लं जातं ते वेगळंच. दोन्ही करू नका.

आणि आता आपल्या किनाऱ्याचं दुखणं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर खारा वारा. शिसं काढलेली नळी उघडी, कोरडी राहिली, तर गंजायला एक रात्र पुरते. काम संपल्याबरोबर तेलाचं फडकं फिरलंच पाहिजे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचे एक जुने परवानेधारक मला म्हणाले, "मी तर खोबरेलच लावतंय." घरचं तेल, त्यांचा भाव मला कळतो. पण खोबरेल गारव्यात थिजतं, महिनाभराने चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. त्यापेक्षा शिवणयंत्राचं तेल कितीतरी बरं. चामड्याचं म्यान आणि स्पंज लावलेली पेटी ओल धरतात, पावसाळ्यात दोन्ही नकोत. दर पंधरा दिवसांनी नळी बघा. नेमबाजीच्या आधी तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा.

आईवडिलांनो, आता तुमच्यासाठी. माझे काका परसात शिसं वितळवून पागाला, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याला, लावायच्या वजनाच्या गोळ्या ओतायचे आणि आम्ही पोरं त्या गरम गोळ्या मोजत बसायचो. तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर ते घाव घालतं. म्हणून साफसफाई स्वयंपाकघरात नाही, विहिरीच्या कठड्यावर नाही, झोपाळ्यावर तर नाहीच. खाली वर्तमानपत्र पसरा, हातमोजे घाला, फडकी झाकणाच्या डब्यात भरा. सांडलेलं झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मग तोंड धुवा. रेंजवर वडापाव हात न धुता खाऊ नका. घरी गेल्यावर कपडे बदलल्याशिवाय धाकट्या भावंडाला उचलून घेऊ नका.

टेबलावर ठेवलेलं पिस्तूल मी तुमच्यासमोर मोकळं करून तपासलंय, काडतुसं या खोलीत नाहीत. नळीत शिसं आहे, मुद्दाम तसंच ठेवलंय. दोघादोघांनी पुढे या, आधी उजेडाकडे धरून बघा, आणि शिसं कुठे बसलंय ते मला सांगा. गज त्यानंतर हातात देतो.