पाठीवरून ओळखावं मिग-२१

[दृश्य : टेबलावर राखाडी प्रायमर मारलेली चार मॉडेलं, चारही नाकं एकाच दिशेला. कॅमेरा बाजूने हळू सरकतो.]

चार विमानं. चारही मिग-२१. तोच पातळ त्रिकोणी पंख, तेच नळीसारखं धड, तेच नाकातलं गोल भोक आणि त्यातून डोकावणारा शंकू. १:७२ स्केलमध्ये पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर. दोन हात लांबून बघितलं, तर चारही एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात.

आता नाक सोडा आणि पाठ बघा. पहिल्याची पाठ कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाच्या, मागे सडपातळ उतरत जाते. दुसऱ्याची किंचित भरली आहे. तिसऱ्याला स्पष्ट कुबड आलं आहे. चौथ्याचं कुबड शेपटीपर्यंत भरलेलंच राहतं आणि उभ्या शेपटीचा बुंधा त्यात बुडून जातो. या चार प्रकारांची नावं : एफ-१३, एफएल, एमएफ, बिस. सेवेत आली तीही साधारण याच क्रमाने.

मिग-२१ हे मुळात छोटं, हलकं, वेगात वर चढून लक्ष्य गाठणारं विमान. त्याच्या आखणीत जादा जागा ठेवलेलीच नव्हती. मग रडार हवं झालं, इंधन जास्त हवं झालं, काढून टाकलेली तोफ परत हवी झाली. हे सगळं आत मावेना, म्हणून ते बाहेर उठून आलं. कुठे फुगवटा, कुठे कुबड, कुठे सरकवलेली नळी. मॉडेल करणाऱ्याला याहून मोठी मदत कुठली? याद्या पाठ करण्यापेक्षा या विमानात कधी काय कोंबलं ते समजून घेतलं, की प्रकार आपोआप ओळखू येतात. मी तरी तसाच शिकलो.

नाकापासून सुरू करू.

[दृश्य : एफ-१३ आणि एफएल यांची नाकं समोरून, शेजारी शेजारी. खाली मिलिमीटरची पट्टी.]

एफ-१३च्या नाकाचं तोंड ६९० मिलिमीटर व्यासाचं. त्यानंतरच्या पीएफ या प्रकारात शंकूत रडार बसवायचं ठरलं, शंकू जाड झाला, आणि इंजिनाला पुरेशी हवा मिळावी म्हणून तोंड ८७० मिलिमीटर करावं लागलं. आपल्या १:७२ मॉडेलवर हा फरक फक्त अडीच मिलिमीटरचा. पण या विमानाचा चेहरामोहरा त्याने बदलतो. एफ-१३चं नाक निमुळतं दिसतं, पीएफचं बोथट. त्याच वेळी नाकाखाली असलेली पिटो नळी, म्हणजे वेग मोजणारी ती लांब सळई, वरच्या बाजूला गेली. एफ-१३ उभं असलेल्या फोटोत ही नळी बहुतेकदा वर दुमडलेली दिसेल. जमिनीवर माणसं तिला धडकू नयेत म्हणून ती दुमडत असत. असं बारीकसं काम मॉडेलवर केलं, की ते जिवंत वाटायला लागतं.

वजन वाढलं म्हणून चाकंही मोठी झाली, ६६० वरून ८०० मिलिमीटर. मिटलेली चाकं धडात मावेनात, म्हणून पंखाच्या मुळाशी वर-खाली फुगवटे आले. सॅंडपेपर फिरवताना तो फुगवटा घासून सपाट करू नका. तो साच्यातला दोष नाही.

आता कॅनोपी. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मॉडेलं इथे चुकतात. माझंही चुकलं होतं.

एफ-१३, पीएफ आणि एफएल या तिन्हींची कॅनोपी पुढच्या काचेसकट एकसंध असते आणि पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते. संपूर्ण काच नाकाच्या दिशेने कलते. यामागे एक धाडसी कल्पना होती. वैमानिक बाहेर फेकला जाताना हीच कॅनोपी त्याच्यासोबत जायची आणि वाऱ्याच्या तडाख्यापासून त्याला ढालीसारखी झाकायची. पीएफएम या पुढच्या प्रकारात ही पद्धत सोडून दिली. वैमानिकाला बाहेर फेकणारी नवी केएम-१ खुर्ची आली, पुढची काच धडाला पक्की झाली आणि मागची कॅनोपी उजव्या बाजूला उघडू लागली.

बाकी बाहेरून एफएल आणि पीएफएम इतके जवळचे, की एकाच्या किटमधून दुसरं करायचा मोह होतो. मी पीएफएमचं किट घेतलं, भारतीय डेकल, म्हणजे चिकटवायची चिन्हं, लावली, १९७१चं एफएल म्हणून कपाटात ठेवलं. कॅनोपीही उघडी ठेवली, बाजूला कललेली. काही महिन्यांनी एका जुन्या फोटोत वैमानिक विमानात चढताना दिसला आणि त्याच्यासमोर अख्खी काच नाकाकडे झुकलेली होती. त्या संध्याकाळी मी मॉडेल कपाटातून बाहेर काढलं. कॅनोपी बंद करून फट पुट्टीने बुजवणं शक्य होतं, पण काचेच्या चौकटीची आखणीच वेगळी, त्यामुळे तेही खोटंच ठरलं असतं. शेवटी दुसरी कॅनोपी मिळवून धडाची ती कड नव्याने घासून घ्यावी लागली. तीन संध्याकाळी गेल्या. त्याचं वाईट वाटलं नाही.

एफएल माझ्या मनाच्या जवळचं आहे हे लपवत नाही. भारतात याचं नाव टाइप ७७. याच्या धडात तोफ नाही. २३ मिलिमीटरची दुनळी तोफ हवी असेल, तर ती पोटाखाली जीपी-९ या पॉडमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, टांगायची. पंखाखाली हार्डपॉइंट, म्हणजे शस्त्रं टांगायच्या जागा, फक्त दोन. म्हणजे एकतर क्षेपणास्त्रं, नाहीतर रॉकेटं. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो मिग-२१नी, ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांनी. ते विमान करायचं तर पंखाखाली दोन रॉकेट पॉड, आणि क्षेपणास्त्रांचे भाग किटच्या चौकटीतच राहू द्या. रंगाचं म्हणाल, तर त्या काळात अनेक एफएल घाईने, हाताशी होते त्या रंगांनी झाकली गेली. म्हणून फार नीटस, सारख्या कडांचं कॅमोफ्लाज मला त्यांच्यावर पटत नाही.

[दृश्य : एमएफ आणि बिस बाजूने. कॅमेरा कॅनोपीपासून शेपटीकडे पाठीवरून जातो.]

एम आणि एमएफमध्ये तोफ कायमची पोटात आली. तिने आणि तिच्या गोळ्यांनी आतली जागा घेतली, इंधनाची टाकी पाठीवर चढली, कुबड दिसू लागलं. पंखाखालचे हार्डपॉइंट दोनाचे चार झाले. आणि पिटो नळी? ती नाकाच्या मध्यरेषेवरून वैमानिकाच्या उजवीकडे सरकली. धूसर फोटोत पाठ दिसत नसेल, तर मी आधी ही नळी शोधतो. मध्यावर असेल तर पीएफ, एफएल किंवा पीएफएम. उजवीकडे असेल तर पुढचं काहीतरी.

सोव्हिएत अभियंत्यांनी इंधनासाठी पुढे आणखी जोर लावला आणि एसएमटी बनवलं. आत सुमारे ३,२५० लिटर, आणि पाठीवर असं कुबड, की एकदा पाहिल्यावर विसरत नाही. विमान मात्र हाताळायला अवघड झालं. अनेक एसएमटींची पाठ नंतर बदलून लहान केली गेली, म्हणून या प्रकारात फोटो कोणत्या वर्षाचा हे पाहिल्याशिवाय गोंद उघडू नये. बिसमध्ये मधला मार्ग निघाला : साधारण २,८८० लिटर. पाठ भरलेली, पण आटोपशीर. एमएफची पाठ शेपटीकडे जाताना निमुळती होते, बिसची होत नाही.

भारतात एम म्हणजे टाइप ९६ आणि बिस म्हणजे टाइप ७५. टाइप ९६ला सर्रास एमएफ म्हटलं जातं, पण एममध्ये आर-११ घराण्यातलं इंजिन आणि एमएफमध्ये आर-१३. इंजिन धडाच्या आत दडलेलं, त्यामुळे मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखीच. नाव मात्र खालच्या पाटीवर बरोबर लिहावं.

बायसन हा बिसचाच सुधारित अवतार, आणि आजचा सगळ्यात मोठा चकवा. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा शेवटपर्यंत उडत होती ती बायसन. साहजिकच स्वच्छ, रंगीत, जवळून घेतलेले फोटो बायसनचेच जास्त मिळतात. त्यावरून कोणी १९८०च्या दशकातलं बिस करायला घेतलं, तर पहिला घोटाळा पुढच्या काचेत होतो. बिसच्या काचेला चौकट आहे आणि मधली काच सपाट आहे. बायसनची एकसंध, गोलाई घेतलेली. पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्रांना चकवणारे जळते गोळे, सोडणाऱ्या पेट्याही बायसनच्याच.

म्हणून मी आधी विमान निवडतो, किट नंतर. एकच क्रमांक, एकच वर्ष, शक्य असेल तर डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो. पीएफचंच बघा : सुरुवातीच्या पीएफची उभी शेपटी अरुंद होती, नंतरच्यांची रुंद, आणि ब्रेक पॅराशूटची नळकांडी पुढच्या काळात शेपटीच्या बुंध्याशी आली. नाव तेच, शेपूट वेगळं.

[दृश्य : हातात बिसचं नाक, बारीक ड्रिल.]

हे बिस आता जवळपास पूर्ण झालं आहे. रंग वाळला, डेकल बसली. राहिली ती पिटो नळी. मध्यरेषा पेन्सिलने आखून घेतली आहे, भोक तिच्या किंचित उजवीकडे. नळी मी आज लावणार नाही. विमान कपाटात त्याच्या जागी ठेवेन आणि मग तिथेच बसवेन. आधी बसवली, तर उचलताना सगळ्यात आधी तीच मोडते.