मागचं चाक

(दृश्य: शटर वर जातं, टोळी आत येते)

मुंबईतलं कॉटन ग्रीन. कापसाच्या गाठींसाठी वसलेला हा भाग. आज या गोदामात रसायनांची पिंपं आणि गोण्यांच्या थप्प्या आहेत. सकाळी सातला माथाड्यांची टोळी आत येते. डोक्याला टॉवेल, हातात आकडा. मागोमाग फोर्कलिफ्ट, पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलणारी गाडी.

(दृश्य: चाकं, जवळून)

हिच्या चाकांकडे नीट बघा. मोटार पुढच्या चाकांनी वळते, ही मागच्या. वळली की शेपूट बाहेर फेकली जाते. आणि त्या शेपटीतच पुढचा माल तोलायला लोखंडाचा ठोकळा बसवलेला असतो. तीन टन उचलणारी ही गाडी रिकामीसुद्धा चार टनांच्या पुढे भरते. ऑपरेटरची नजर काट्यांवर. मागून जाणाऱ्या गड्याला वाटतं, आपण लांब आहोत.

आता माल वर जातोय. हा सगळा तोल एका त्रिकोणावर उभा आहे: पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य. माल जितका उंच, तितका तोल नाजूक. उचललेला माल घेऊन जोरात वळलं, की गाडी आडवी होते. अशा वेळी उडी मारणारा बहुधा गाडीच्याच छताच्या चौकटीखाली सापडतो. पट्टा लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. इथला पट्टा सीटच्या मागे खोचलेला आहे, तो दिसतोच आहे.

(दृश्य: जमीन, पिवळी रेघ)

ही रेघ माणसांच्या चालण्याची वाट. तिच्यावर पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटींची, थप्पी लागलीय. अपघात झाला की ऑपरेटरच्या चुकीवर बोट ठेवून कागद मिटतो. आम्हाला ते मान्य नाही. वाट कुणी अडवली, हे आधी विचारलं पाहिजे. 1969 च्या माथाडी कायद्यानं या माणसांच्या मजुरीची, फंडाची व्यवस्था लावली. त्यांच्या पायांखालची चार फूट जागा मात्र अजून मोकळी झालेली नाही.

गेल्या पावसाळ्यात याच वळणावर टोळीतल्या एकाचा पाय घोट्यातून गेला. तो आता गावी असतो, पाटणकडे.

(दृश्य: ट्रक दाराशी लागतो)

दुसरा ट्रक लागला. मुकादम हाक देतो. टोळी थप्पीला वळसा घालते आणि फोर्कलिफ्टच्या मागून निघते.