तांडेलांनी सांगितलेला वारा

नमस्कार श्रोतेहो.

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ अर्पण करून झाला, आणि आता सगळ्या कोकणाचं लक्ष लागलंय चतुर्थीकडे. माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, काय काय बांधायचं, भजनाला कोण कोण येणार, मुंबईची माणसं कुठल्या गाडीनं निघणार, घराघरात हेच बोलणं चाललंय. ह्याच दिवसांत आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या रुग्णालयांत चतुर्थीच्या ड्युटीची यादी भिंतीवर लागते. त्या यादीत ज्यांची नावं आहेत त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडायला लागली तेव्हा परत बोलावणं आलं आणि मी गेले. माझ्याकडे ऑक्सिजनची नोंदवही, औषधांचं स्टोअर आणि लागेल तेव्हा वॉर्डात हातभार, असं काम होतं.

लोक विचारायचे, तुम्ही त्या पीपीई किटमध्ये राहता कशा? मे महिन्यात आपल्याकडे पंख्याखाली बसलं तरी कपडा पाठीला चिकटतो. त्यावर ते प्लॅस्टिकसारखं किट, दोन मास्क, दोन हातमोजे, गॉगल. किट चढवलं की सहा तास, कधी आठ तास पाण्याचा घोट नाही. लघवीला जायचं नाही. मुलींना पाळी आली तरी तसंच. गॉगलवर वाफ धरते, सलाइनची शीर नजरेनं नाही, बोटानं चाचपून शोधायची. आणि किट घालताना जेवढं जपायचं त्याहून जास्त जपायचं ते काढताना, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि हात चुकून चेहऱ्याकडे जातो. म्हणून किट काढायच्या खोलीत एकटीनं जायचं नाही. एकीनं काढायचं, दुसरीनं बघायचं. हा नियम आमच्याकडे कुणी मोडला नाही.

२२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. चांगलं केलं. पण त्याच दिवसांत कितीतरी सिस्टरना घरमालकांनी खोली सोडायला सांगितलं, हेही मी पाहिलंय. आणि मला तो 'कोविड योद्धा' शब्द आवडत नाही, हे आज बोलून टाकते. योद्धा म्हटलं की त्याला झोप लागत नाही, भूक लागत नाही, महिन्याचं भाडं भरावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. कंत्राटी मुलींचा पगार वेळेवर द्या, रिकाम्या जागा भरा, तो खरा मान.

आता मी तुम्हाला १६ मे २०२१ ची गोष्ट सांगते. तौक्ते वादळाचा दिवस. रविवार होता.

आदल्या रात्रीपासून पाऊस आणि वारा. आमचं रुग्णालय किनाऱ्याच्या तालुक्यातलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. पुरुषांचा कोविड वॉर्ड पश्चिमेला, आणि पश्चिमेच्या भिंतीला मोठमोठ्या सरकत्या काचेच्या खिडक्या. त्या खिडक्यांखाली सहा खाटा. वीज पहाटेच गेली होती. जनरेटर होता, पण डिझेल पुरवून वापरायचं म्हणून तो अतिदक्षता विभागासाठी ठेवला. त्यामुळे वॉर्डातले कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रं, बंद, कारण ती विजेवर चालतात. पाइपलाइनचा ऑक्सिजन चालू होता, तो मागच्या खोलीत जोडलेल्या मोठ्या सिलिंडरमधून येतो.

सकाळी आठला रात्रपाळी सुटायची. सुटली नाही. रस्त्यावर झाडं पडलेली, विजेचे खांब आडवे, दिवसपाळीची माणसं येणार कुठून? मोबाइलला रेंज नाही. आत होत्या दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि एक सफाईवाली मावशी. रात्रभर किटमध्ये काढलेली माणसं. त्यातली एक सिस्टर बीडकडची, पंचविशीची, कंत्राटी. तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला आल्यावर. तिला आपण 'ताई' म्हणू, वॉर्डात सगळे तसंच म्हणत.

खिडकीखालच्या चौथ्या खाटेवर एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य खलाशी, होते. सारा जन्म होडीवर गेलेला. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, पोटावर पालथे झोपवलेले, कारण पालथं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो आणि ऑक्सिजन चढतो. ते सकाळपासून खाटेच्या दांडीवर हात आपटत होते. काहीतरी सांगत होते. मास्कमधून येणारा आवाज, त्यात मालवणी, त्यात वाऱ्याचा घोंगाट. ताईला वाटलं, बरळतायत. तिचं तसं वाटणं बरोबर होतं, ऑक्सिजन उतरला की माणूस भ्रमात बोलतो. तिनं धावत जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९३. त्यांच्या मानानं चांगलाच होता. मग तिनं मला हाक मारली. मी किट चढवून आत गेले.

मी वाकून कान लावला. ते म्हणाले, "बाय, ह्या खाटी हालवा. ह्यो वारो आता जमनीवरसून येता. दुपारी दर्यातसून येतलो. ह्यो काचो ऱ्हवाचो नाय."

मी म्हटलं, काका, आता तर खिडकीवर काहीच नाहीये, वारा मागच्या बाजूनं येतोय. ते म्हणाले, "म्हनान तर सांगतंय. जलम गेलो माझो दर्यार."

श्रोतेहो, ह्यात जादू काही नाही. वादळ समुद्रातून उत्तरेला सरकतं. ते आपल्या दक्षिणेला असतं तेव्हा आपल्याकडे वारा उगवतीच्या अंगानं, जमिनीवरून येतो. ते समोरून पुढे गेलं की वारा दक्षिणेचा होतो आणि मग समुद्राकडून. तांडेलांनी हे नकाशावर पाहिलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं.

पण खाटा हलवायच्या म्हणजे काय? ऑक्सिजनचे पॉइंट त्याच भिंतीला. खाट हलवली की पाइपलाइन सुटली. म्हणजे सहा जणांना सहा सुटे मोठे सिलिंडर लावायचे, आणि ते काढायचे कुठून, तर पाइपलाइनसाठी भरून ठेवलेल्यातून. एका मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या माणसाला तो साधारण साडेअकरा तास पुरतो. नवे सिलिंडर आणणारा टेम्पो झाडांच्या पलीकडे कुठे अडकलाय ते कुणाला माहीत नाही. असा हिशेब होता. फोन लागत नाही, म्हणून ताई धावत अतिदक्षता विभागाच्या दाराशी गेली आणि काचेवर हात मारून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, हलवा.

मग हलवल्या. वॉर्डबॉयनं पाना घेतला, सिलिंडर तळाच्या कडेवर फिरवत फिरवत आणला, व्हॉल्व्ह उघडला, काटा बघितला, फ्लोमीटरखालच्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे बघितले आणि मान हलवली की मगच ताईनं भिंतीची नळी काढायची. एका वेळी एकच माणूस. मावशीनं फरशी कोरडी केली, नाहीतर चाकं घसरली असती. बरे होत आलेले दोन रुग्ण स्वतः उठले आणि खाटेला हात लावला. सहाच्या सहा खाटा आतल्या भिंतीला आल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते.

त्यानंतर वारा पडला. एकदम ढिला. ताई भिंतीला टेकून खाली बसली, तिला वाटलं संपलं. तांडेल पालथेच होते, तिच्याकडे मान वळवून म्हणाले, "भिया नको. पन उठान बस. तेच्या मागसून येता तो खरो."

आणि आला. समुद्राच्या बाजूनं आला. दोन खिडक्यांच्या काचा चौकटीसकट आत पडल्या, जिथे चौथी आणि पाचवी खाट होती तिथे. पाऊस थेट वॉर्डाच्या मध्यापर्यंत. पण त्या भिंतीला माणूस नव्हतं. एकालाही खरचटलं नाही. एकालाही!

संध्याकाळी गावातली पोरं करवती आणि कोयते घेऊन रस्ता मोकळा करत आली, त्यांच्या मागून सिलिंडरचा टेम्पो आणि टेम्पोतच बसून दिवसपाळीच्या सिस्टर. ताईनं किट काढलं तेव्हा तिची बोटं पाण्यात भिजल्यासारखी पांढरी पडली होती. तिनं तांब्याभर पाणी प्यायलं आणि मला विचारलं, त्या काकांना काही हवंय का? मी विचारून आले. ते म्हणाले, "कोरी चाय गावात काय गो?" कोरा चहा मिळेल का, एवढंच.

त्या दिवसानंतर ताई ड्युटीवर आली की आधी त्यांच्या खाटेपाशी जायची आणि विचारायची, काका, आज वारा कुठला? तेही वाट बघायचे. त्याआधीचे कित्येक दिवस ती किट काढायच्या खोलीत रोज रडलेली मी पाहिली होती. घरी फोन केला तर आई घाबरते म्हणून घरी काही सांगायची नाही. आता तिला वॉर्डात बोलायला माणूस मिळालं. तांडेल बरे होऊन घरी गेले. त्या वर्षी मासेमारी १ ऑगस्टला उघडली, पण त्यांना अजून चढ चढताना दम लागतो, म्हणून ते होडीवर गेले नाहीत. अंगणात बसून जाळी विणतात.

इथे एक सांगते, विषय थोडा वेगळा आहे. आपल्या किनाऱ्यावर सरकारी इमारती बांधताना पश्चिमेला एवढी काच कशाला? आपल्या जुन्या घरांना पडवी असते, पावसाळ्याआधी आपण पावसाचा मारा अडवायला झडी बांधतो, खिडक्यांना लाकडी दारं असतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. नव्या वॉर्डाचा नकाशा काढणाऱ्यानं आधी गावच्या सुताराला आणि एखाद्या तांडेलाला विचारावं, असं माझं ठाम मत आहे. आणि रुग्णांना सकाळी बिस्किटं देण्यापेक्षा उकड्या तांदळाची पेज द्यावी, तापातून उठलेल्या कोकणी माणसाच्या घशाखाली तीच उतरते. मी हे तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

तर लोक विचारतात, रुग्णालयातली माणसं हे कसं निभावतात. अशीच निभावतात. एकमेकींच्या पाळ्या वाटून, एकीचं मूल लहान असेल तर दुसरीनं रात्र घेऊन, आठवडाभर घरी न जाता लॉजवर राहून, फाटकाबाहेर उभ्या मुलाला लांबून हात करून. आणि रुग्ण, नातेवाईक जेव्हा त्यांना आपलं समजतात, तेव्हा आणखी एक पाळी निभावतात. १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली तेव्हा पहिली त्यांना मिळाली, त्यानं भीती बरीच कमी झाली. दमणूक कमी झालेली नाही. आपल्याकडे अत्यवस्थ रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नाहीतर घाट चढून कोल्हापूरला न्यावा लागतो, त्या गाडीत १०८ रुग्णवाहिकेचा चालक आणि डॉक्टर चार-चार तास बसतात, परत येतात, गाडी धुतात आणि पुन्हा निघतात. त्यांचं नाव कुठेच येत नाही. दारोदारी जाणाऱ्या आशाताईंचंही तसंच. मानधनासाठी त्यांना २०२१ च्या जूनमध्ये संप करावा लागला.

आणि मारहाण. १८९७ च्या साथरोग कायद्यात २०२० साली बदल झाला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उचलला तर ३ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद, गंभीर दुखापत केली तर ७ वर्षांपर्यंत. कायदा आहे. पण सिस्टरवर हात उगारणारा माणूस बहुतेक वेळा उशिरा आणलेल्या रुग्णाचा नातेवाईक असतो. म्हणून सांगते. ताप अंगावर काढू नका. ताप आला, अंग मोडून आलं, वास गेला, तर ताप अंगावर काढू नका. चतुर्थी आहे, पाहुणे आलेत, लोक काय म्हणतील, म्हणून लपवू नका. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हाही माणसं बोटीनं कोकणात आपल्या घरीच परत आली होती. घरी येणं हा गुन्हा नाही, आजार लपवणं वाईट. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली दिसला की सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री यायचं.

बीडची ताई अजून इथेच आहे. चतुर्थीच्या दिवशी तिची सकाळची पाळी आहे. मी आमच्या वाडीत सांगून ठेवलंय, त्या दिवशी रुग्णालयात तिच्यासह पाळीवरच्या तिघींचं जेवण जाईल. उकडीचे मोदक, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भात. तुमच्याही गावाजवळ एखादं आरोग्य केंद्र असेल. डबा द्यायचा तर दारावरच्या माणसाकडे द्या, वर वॉर्डाचं नाव लिहा आणि दुपारी एकच्या आत पोचवा, कारण दोनला पाळी बदलते.

नमस्कार.