हात कधी पुढे करायचा?

(दृश्य : चार वर्षांची मुलगी. शर्टाच्या बटणाशी झटापट.)

बटण काजात अर्धं शिरतं आणि निसटतं. पुन्हा निसटतं. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी छातीला टेकलेली. मागे आई उभी आहे. निघायला उशीर होतोय, आणि तिचा हात आपसूक पुढे येतो.

थोडं थांबूया. मुलगी रडत नाहीये, मदत मागत नाहीये. प्रत्येक वेळी बोट जरा वेगळ्या जागी ठेवून बघतेय. म्हणजे तिचं शिकणं चालू आहे, आणि ते मध्येच तोडण्यासारखं काहीही घडलेलं नाही.

२०२१ मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना अवघड कोडं दिलं. काहींच्या हातून मोठ्यांनी ते काढून घेतलं आणि स्वतःच सोडवून टाकलं. त्यानंतर दुसरं कठीण काम समोर आलं, तेव्हा ही मुलं लवकर थांबली. ज्यांना मोठ्यांनी कसं करायचं ते शिकवलं होतं, ती जास्त वेळ झटत राहिली.

म्हणजे मदत वाईट नाही. हातातून काम काढून घेणं वाईट.

(दृश्य : लाकडी ठोकळे, लहान हात.)

१९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन शिकवणाऱ्याचं वागणं बारकाईने टिपलं. मूल अडलं की शिकवणारी थोडी पुढे सरकायची, कुठे जुळत नाही ते दाखवायची. जमू लागलं की मागे. घरीही हेच करता येतं : 'काज जरा ताणून धर,' एवढं सांगायचं आणि बटण तिलाच लावू द्यायचं.

(दृश्य : शाळेचं फाटक. बारा वर्षांचा मुलगा, खांद्यावर दप्तर.)

आता उलट बाजू. पाणी, आग, रहदारी, उंची : इथे क्षणभरही थांबायचं नाही, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. गफलत होते ती दुसरीकडे. रोज तीन-चार जण मिळून एकाला छळतात, आणि घरी ऐकू येतं, 'तुमचं तुम्ही बघून घ्या.' दोन मित्रांचं भांडण असेल तर हे ठीक. पण ताकद विषम असेल, त्रास रोजचा असेल, तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तो थांबवणं एकट्या मुलाच्या हातात नसतं.

बटणाला धावून जाणारे आपण नेमके इथे मागे राहतो. हे मनापासून खटकतं.

किशोरवयात खुणा आणखी पुसट होतात. झोप उडणं, जेवण टाळणं, मित्र तुटणं, आवडीच्या गोष्टींतून मन उठणं. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नका, बोला, डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचा शब्द तोंडून निघाला, तर त्याच दिवशी मदत घ्या, आणि मुलाला एकटं ठेवू नका.

मात्र तेव्हाही सगळी सूत्रं हिसकावून घेऊ नयेत. छळाबद्दल शाळेत जाऊन बोलायचं, हे आईबाबांनी पक्कं करावं. आधी कोणत्या शिक्षकांना भेटायचं, काय सांगायचं, त्या वेळी आपण सोबत बसायचं की बाहेर थांबायचं, हे त्या मुलाला विचारावं. आणि तो म्हणेल तसं करावं.