कोणाचं चुकलं?

नमस्कार श्रोतेहो. तुमच्यापैकी कुणी नुकताच डॉक्टरांचा तो कागद घेऊन घरी आला असाल, तर आजचं बोलणं मुख्यतः तुमच्याशी आहे.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झालं. पणजीहून डिचोलीला येईपर्यंत आम्ही नवराबायको एक शब्द बोललो नाही. घरी आल्यावर बोलणं सुरू झालं ते एकाच प्रश्नावर: कोणाचं चुकलं?

मला वाटायचं, गरोदरपणातली माझी नोकरी नडली. नवरा मोबाइलला बोल लावायचा. सासूबाईंनी देवळात कौल लावला. प्रसाद उजवा झाला, तरी मुलगा हाकेला ओ देईना. मी त्यांच्यावर चिडले. खरं तर त्या देवाला विचारत होत्या आणि मी रात्री दोन वाजता इंटरनेटला. प्रश्न तोच!

1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं आईच्या थंडपणावर खापर फुटत राहिलं, ते खोटं ठरलं. लसीवर आळ घेणारा 1998 चा निबंध तर छापणाऱ्या नियतकालिकानेच 2010 मध्ये मागे घेतला. हे वाचलं त्या रात्री मी पोटभर रडले. तोवर गुन्हेगारासारखी गप्प होते.

एक चूक मात्र खरंच आमची. 'शिक्का बसेल' म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र काढायला वर्ष घालवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विम्यातून वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. तुम्ही थांबू नका.

गणेशचवथीला आरतीत घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली की मुलगा कान झाकून किंचाळायचा. पहिली दोन वर्षं मी त्याला घट्ट धरून बसवलं, का, तर पाहुणे बघतायत. आता आरतीआधीच आम्ही दोघं मागच्या पडवीत जातो. आरती संपली की नवरा बोलावतो. मग मुलगा माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, उताणा पडून फळं मोजतो.

यंदा सासूबाई गुडघे धरत त्याच्या शेजारी आडव्या झाल्या.

"किती रे झाली?"

"त्रेपन्न," वरची नजर न काढता तो म्हणाला.

सासूबाईंची एकावन्नच भरली. त्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.