तोटी भिंतीबाहेर

श्रोतेहो, नमस्कार. पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट आपल्याकडं लहान लेकरालाही पाठ असते. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि महाराजांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. फक्त एवढं ध्यानात घ्या, त्या गाढवानं पाणी मागितलं नव्हतं. आज मला त्याच्यावरच बोलायचंय. मागायच्या आधी देणं.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं ठाक. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गाडीचे उपकार आहेतच. मला मात्र त्या उन्हाळ्याचं नाव काढलं की आमच्या गल्लीतली एक तोटी आठवते.

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक गृहस्थ, सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. एकेकाचे बोअर आटले, नानांच्या बोअरला तेवढं पाणी टिकून. बायाबापड्या घागरी घेऊन गेटापाशी यायच्या, नाना कुणाला नाही म्हणायचे नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी बघितलं, कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई रिकामी कळशी पदराआड धरून आल्या, गेटाच्या कडीला हात लावला आणि तशाच माघारी वळल्या.

सकाळी उठून नाना छिन्नी-हातोडा घेऊन कंपाउंडची भिंत फोडायला बसले. काकू आतून ओरडल्या, “अवो, काय करायलात?”

“तोटी बाहेर काढायलोय.”

“अन् लोकांनी रात्रीतून बोअर कोरडा केला म्हंजे?”

“मोटर तर आपल्याच हातात हाय की. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. गेट वाजवायचं म्हटलं की मागणं आलं. भिंतीला कशाला मागावं लागतंय?”

पाइप आरपार घातला, भोवती सिमेंट लिंपलं, पितळी तोटी बसवली. पाटी नाही, नाव नाही. संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या, कळशी भरली, गेल्या. मग गल्लीनंच नेम ठरवला, घरटी दोन घागरी, बाळंतिणीच्या घरी चार. मधे एकदा तोटीचं वायसर गेलं, पाणी ठिबकायला लागलं, तर कुणीतरी परस्पर नवं बसवून गेलं. कोण, ते नानांना शेवटपर्यंत कळलं नाही. लाइटबिल किती आलं हो, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी चहाची बशी माझ्यापुढं सरकवली.

नाहीतर आजकाल दवाखान्यात जाऊन बघा. पेशंटच्या हातात एक केळं, त्या केळ्याला सहा जणांचे हात अन् सगळ्यांचे डोळे मोबाइलकडं. वाढदिवस भाऊंचा! आणि चौकातले ते बॅनर... असो, बॅनरवर बोलायला लागलो तर आजचा वेळ त्यातच जायचा.

तर पुन्हा सांगतो, मागायच्या आधी. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या आता गावाकडं परतायला लागल्यात. पाच-सहा महिने बंद असलेलं घर, चूल गार, रांजण कोरडा. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला, तर दोन घागरी पाणी अन् चार भाकरी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवा. उचल फिटली का, मुकादमानं हिशेब केला का, हे उद्या विचारा.

आणि वाटसरूंसाठी रांजण ठेवणार असाल तर गेटाच्या बाहेर ठेवा. बाहेर, बरं का. सावलीला, खाली ओली वाळू. रोज रिकामा करून घासायचा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं की पाण्यात कुणाचे हात बुडत नाहीत. पेल्याला साखळी मात्र बांधू नका. गेला तर गेला, बाजारात दुसरा मिळतो.

वेळ झाली. नमस्कार.