हातोडा आणि कोड

(दृश्य: डोंगर कापून उघडी पडलेली खडकाची भिंत. हातोड्याचे ठोके.)

या भिंतीतला फिकट थर डावीकडून येतो आणि एका भेगेपाशी तुटतो. भेगेपलीकडे तोच थर हातभर खाली सापडतो. हा प्रस्तरभंग. विद्यार्थी क्लिनोमीटर लावून थरांचा कल मोजतात, वहीत नोंदवतात. संध्याकाळी हेच आकडे संगणकावर जातात आणि जमिनीखालच्या थरांचं त्रिमितीय मॉडेल उभं राहू लागतं.

भूविज्ञान आणि संगणकशास्त्र एकत्र शिकवायचं, तर ही दोन्ही कामं एकाच विद्यार्थ्याने करायला हवीत. मोजणारा एक आणि मॉडेल करणारा दुसरा, अशी वाटणी केली की मधल्या मध्ये बरंच काही हरवतं.

(दृश्य: खोलीभर पसरलेल्या जुन्या संगणकाची छायाचित्रं.)

ही सांगड जुनीच आहे. १९५० साली एनिॲक या संगणकावर हवामानाचे पहिले संगणकीय अंदाज काढले गेले. २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले. त्या शास्त्रज्ञांना यंत्रासाठी कोड लिहायला शिकवलं आणि शेवटी तो तपासूनही दिला, तो क्लारा फॉन नॉयमन यांनी. या विषयाचा पहिला वर्ग तोच म्हणायला हवा. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिगे या खाण अभियंत्याने प्रबंधासाठी एक प्रश्न घेतला: मोजक्या ठिकाणचे नमुने हाती असताना, मधल्या खडकात सोनं किती हे कसं ठरवायचं? फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी त्याला गणिताचा पाया दिला. ती पद्धत आज क्रिगिंग म्हणून शिकवली जाते.

(दृश्य: वर्ग. पडद्यावर डोंगराळ भागाचा नकाशा, त्यावर लाल ठिपके.)

लाल ठिपके म्हणजे पूर्वी कोसळलेल्या दरडी. उतार, पाऊस, झाडोरा ही माहिती देऊन मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रोग्रामला, शिकवायचं आणि पुढची दरड कुठे कोसळू शकेल ते विचारायचं. विद्यार्थी सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसतात, बऱ्याचशा शिकवायला वापरतात, उरलेल्या परीक्षेसाठी राखून ठेवतात. मॉडेल जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देतं. वर्ग खूश.

मग शिक्षक एक अख्खं खोरं नकाशावरून झाकतात. बाकीच्या खोऱ्यांवर शिकवा, परीक्षा मात्र या खोऱ्यावर घ्या. अचूकता धाडकन खाली येते.

जमिनीवर जवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात. नोंदी पिसल्या, तेव्हा परीक्षेतला प्रत्येक ठिपका शिकवलेल्या कुठल्या तरी ठिपक्याचा शेजारी होता. डोंगर समजलाच नव्हता, शेजार तेवढा पाठ झाला होता. ही घसरण विद्यार्थ्याने स्वतःच्या पडद्यावर पाहणं, हा मला या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा तास वाटतो. चुकीच्या नकाशावर विसंबून कुणी घर बांधण्याआधी ती इथे, वर्गातच दिसायला हवी.

(दृश्य: तेच विद्यार्थी झाकलेल्या खोऱ्यात, उतारावर.)

मॉडेल या खोऱ्यात का चुकलं, याचं उत्तर खडकात आहे. इथले थर उताराच्याच दिशेने कललेले आहेत, त्यामुळे वरचा थर खालच्यावरून घसरू शकतो. शिकवलेल्या खोऱ्यांत थर डोंगराच्या आत झुकलेले होते. थरांचा कल ही माहिती मॉडेलला कुणी दिलीच नव्हती, कारण उपग्रहाच्या चित्रात ती सहसा सरळ दिसत नाही. आता ती मोजून तक्त्यात भरली जाते.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात येते. दरडींच्या नोंदी बहुतेक रस्त्यालगतच्या आहेत. रस्ता अडला की नोंद होते. आतल्या रानात कोसळलेली दरड कुणाच्या कागदावर येत नाही.

(दृश्य: पडद्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी.)

म्हणून सत्राच्या शेवटी विद्यार्थी दोन नकाशे सादर करतात. एकात दरडीचा धोका, दुसऱ्यात त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा ते. गुणही दोन्हींना. दुसऱ्या नकाशात सर्वात कमी भरवशाच्या जागा रस्त्यांपासून दूर आहेत. पुढच्या तुकडीची क्षेत्रभेट तिथे ठरली आहे.